जमालुद्दीनची पांढरी बोट

सौदीतल्या खफजीच्या तेलकंपनीच्या कँपात जमालुद्दीन सोलकरला पुऱ्या नावानं हाक मारणारा एकच इसम होता, पगाराच्या खिडकीतला इजिप्तचा मिसरी कारकून. बाकी बहुतेकांचा तो बोटवाला. बोटीवरची नोकरी सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मेसच्या दारात उभा राहिला की अजून पाय जरा फाकवूनच उभा राहायचा. न जाणो, फरशी कलली तर! चहाचा ट्रे पाच बोटांवर तोलून तो टेबलांमधून फिरायला लागला की दिवसभर तेलात राबून आलेले गडी घास हातात धरून बघत राहायचे.

जयगडच्या खाडीकाठी त्याचा जन्म. बाप पडावाचा तांडेल. पावसाळा सरला की मुंबईची बोट यायला लागायची. ती काही काठाला लागायची नाही, लांब खोल पाण्यात उभी राहून भोंगा द्यायची. भोंगा झाला की गावाची एकच धांदल. गाठोडी, फणसाच्या साटांचे डबे, रडणाऱ्या नव्या नवऱ्या, सगळं पडावात कोंबायचं आणि बाप वल्ही मारत बोटीला नेऊन भिडवायचा. बोट कुणाची, कुठं निघाली, आपल्याला घेईल की नाही, असलं काही विचारायची तिथं रीतच नव्हती. बोट आली म्हणजे माणसं न्यायला आली. खाडीकाठच्या पोराच्या अंगात हे आईच्या दुधाबरोबर भिनतं.

पुढं जमालुद्दीन मुंबईला गेला, तिथून परदेशी बोटींवर. आधी तळात भांडी घासली, मग टेबलं पुसली, आणि शेवटी गोऱ्या लोकांच्या सुट्टीच्या बोटीवर जेवणघराचा मुख्य झाला. अशी बोट कुठं पोचायला निघतच नाही. चार बंदरं हिंडून, पोटभर खाऊन माणसं जिथून चढली तिथंच उतरतात. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना सूचना द्यायचं काम त्याचं. काळा कोट, पांढरे हातमोजे आणि ठणठणीत आवाज. त्या सूचना पुढं खफजीच्या मेसमध्ये सगळ्यांना तोंडपाठ झाल्या. कारण मटण कमी पडो की डाळ करपो, बोटवाल्याला तोंड उघडायला निमित्त लागत नसे.

"जेवणाच्या पाळ्या दोन," तो सुरू व्हायचा. "म्हातारी, पोरंबाळं नि ज्याचं पोट लवकर बोंबलतं त्यानं पहिली घ्यावी. दुसरीत गाणंबजावणं झकास, पण मटणाचा मधला तुकडा पहिलीतच संपतो. टेबल मिळालं की बोट सोडीस्तोवर तुमचं. शेजारी नाय आवडला तर त्याच रात्री सांगा, उद्या सांगाल तर भांडान. मोठी पेटी लगेच खोलीत येत नाय, म्हणून औषध नि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. नि पॅकेज घेताना त्यात काय हाय ते नको विचारूस, ते सगळेच सांगतात. काय नाय ते विचार!"

"आणि ढेकर कुठल्या पाळीत द्यायची, जमालभाय?" आतून गुणाजी ओरडायचा. गुणाजी लांज्याकडचा, मेसचा आचारी. जीभ त्याच्या सुरीपेक्षा धारदार.

जमालुद्दीननं बोट सोडली ती सादियासाठी. लग्न उशिरा झालेलं, त्यात दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी तर हा समुद्रात होता आणि तार पोचेपर्यंत तिकडं सगळं आटोपलं होतं. त्यानंतर त्यानं पांढरे हातमोजे कायमचे काढले. बिऱ्हाड करता येईल अशी जमिनीवरची नोकरी शोधली, ती इथं मिळाली, कुवेतच्या सीमेला टेकलेल्या गावात. सादियाला खफजी काही फार आवडलं असं नाही. "माझ्या नशिबात बोटही नाय नि झाडही नाय," म्हणायची. पण यंदा तिला पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला पोट टिकलं.

तेवढ्यात इराकनं कुवेत गिळलं.

ऑगस्टच्या त्या सकाळी उत्तरेकडून गाड्यांची जी रांग लागली ती थांबेचना. टपावर गाद्या, एका गाडीत पिंजऱ्यासकट पोपट, एका बाईच्या पायात एकच चप्पल. जमालुद्दीननं मेसची दारं उघडून दिसेल त्याला चहा पाजला. ती माणसं पुढं निघून गेली, खफजीची माणसं मागं राहिली. जायचं तर जायचं कसं? कफील, म्हणजे ज्याच्या नावावर इथं राहायचं तो मालक, पहिल्याच आठवड्यात तायफच्या डोंगरात जाऊन बसला होता आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. फोन केला की म्हणायचा, "इन्शाअल्ला, पुढच्या आठवड्यात." तसे आठवडे जाता जाता जानेवारी उजाडला. अमेरिकेनं इराकला दिलेली मुदत संपत आली. वाळूतून रणगाडे पुढं सरकत होते आणि सादियाला आठवा सरत होता.

अशात समुद्रातल्या तेलविहिरीवरून परतलेल्या लाँचवाल्यांनी बातमी आणली. दम्मामच्या बंदराकडं एक बोट जाताना पाहिली. मालाची नव्हे. अंगभर पांढरी, तीन मजले खिडक्यांच्या ओळी.

"खिडक्यांना पडदे होते?" जमालुद्दीननं विचारलं.

"होते की."

"वरच्या मजल्यावर निळा हौद? पोहायचा?"

"असंल. पाणी चमकत होतं."

झालं. जमालुद्दीननं खांद्यावरचा फडका टेबलावर आपटला. "आली! सरकारनं बोट धाडली. कुवेतच्या माणसांसाठी हिंदुस्तानातनं बोटी येतात हे ऐकलंव ना? आता आपली पाळी. नि बोटीला पासपोर्ट कोण विचारतंय? चढायचं, नाव सांगायचं. बाकीचं मुंबईला."

एकानंही शंका काढली नाही. कँपातली बहुतेक माणसं रत्नागिरी-रायगडची, प्रत्येकाच्या कानात लहानपणचा तो भोंगा वाजत असलेला. पांढरी बोट बंदरात उभी आहे म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

मग दोन दिवस मेसमध्ये जी तालीम चालली तिला तोड नाही. जमालुद्दीननं चादरी अंथरून टेबलं मांडली. मधल्या मजल्यावरची, बोटीच्या बरोबर पोटातली खोली मागायची, कारण तिथं हेलकावा कमी. पोट ढवळलं तर आलं चघळायचं, कोरडा पाव खायचा आणि नजर क्षितिजावर ठेवायची. पहिल्या दिवशी ताट भरून घ्यायचं नाही. खाणं संपत नाही, पोट संपतं. गुणाजीला काटाचमचा धरायला बसवलं, तर त्यानं काट्यानं पाठ खाजवली.

आणि मग जमालुद्दीननं माणसांच्या दोन पाळ्या केल्या. कंपनीची बस एक, माणसं दोन बसची. पहिल्या पाळीत बायका, मुलं, म्हातारी आणि रस्ता दाखवायला तो स्वतः. दुसऱ्या पाळीत सडे गडी, त्यांच्यावर गुणाजी मुकादम. "बस परत येईल ती तुमाला न्यायला. तवर मेसमधनं हलायचं नाय. गाठोडी बांधून तयार. पाळी सोडून जो बाहेर गेला त्याची जागा गेली."

"व्हय कप्तान," गुणाजीनं पळी कपाळाला लावून सलाम ठोकला.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टर कौमुदी आल्या. मूळच्या मिरजेच्या, खफजीच्या हॉस्पिटलात बायकांच्या डॉक्टर. सादियाचं पोट टिकलं ते त्यांच्यामुळं. त्यांची बदली दक्षिणेकडं, खमीस मुशैतला झाली होती आणि हॉस्पिटलची बस दाराशी उभी होती.

"जमालभाई, सादियाला माझ्याबरोबर द्या," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "एक सीट मी भांडून ठेवलीय. तिचं ब्लड प्रेशर मला आवडत नाही. तिकडं मी असेन, ऑपरेशनची सोय आहे."

सादियानं उठायला हात टेकलासुद्धा.

"डाक्टरीणबाय, एवढ्या लांब बसचे धक्के कशाला?" जमालुद्दीन हसून म्हणाला. "बोटीत डाक्टर असतो, दवाखाना असतो. मधली खोली घेतली की पोटातलं पाणी हलत नाय. मी वीस वर्षं काढलीत."

"ती बोट तुमच्यासाठीच आहे हे कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे?"

कौमुदीताईंनी सादियाकडं पाहिलं. सादियानं नवऱ्याकडं पाहिलं आणि टेकलेला हात परत मांडीवर घेतला. बस गेली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी दम्मामला पोचली. बसवाल्यानं बंदराच्या कुंपणाशी माणसं उतरवली आणि दुसरी खेप आणायला गाडी वळवली. कुंपणापलीकडं बोट उभी होती. जमालुद्दीनचा ऊर भरून आला. तशीच! तोच पांढरा रंग, तशाच खिडक्या, शिडीला तसंच निळं छत. वाऱ्याबरोबर भाजलेल्या मटणाचा आणि नव्या इस्त्रीचा वास आला. त्यानं कोटाची बटणं लावली, पहिल्या पाळीला ओळीत उभं केलं आणि फाटकावरच्या शिपायाला सलाम केला.

"ममनू," शिपाई म्हणाला. बंदी आहे.

"आमी हिंदी. हिंदुस्तानची बोट. आमची बोट."

"ममनू! यल्ला, यल्ला!" शिपायानं बंदुकीच्या नळीनं सगळ्यांना बाजूला सारलं, कारण मागून मोठ्या बसगाड्या येत होत्या. त्यांतून गोरे-काळे सैनिक उतरले. नुसती पोरं. वाळूनं भुवया पिवळ्या झालेल्या, ओठ फुटलेले. आपापल्या बंदुका त्यांनी एका टेबलाशी जमा केल्या, पावती घेतली आणि शिडीच्या तोंडाशी रांग धरली. निळ्या गणवेशातली एक मुलगी हातात कर्णा घेऊन पुढं आली आणि हसून बोलायला लागली.

जेवणाच्या पाळ्या दोन आहेत. टेबल मिळालं की ते तीन दिवसांचा मुक्काम संपेपर्यंत तुमचंच. मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत खोलीत येतील, तोवर लागेल ते हातात ठेवा. तुमच्या पॅकेजमध्ये जेवण आणि करमणूक धरलेली आहे, घरी केलेला फोन धरलेला नाही...

जमालुद्दीन कुंपणाची जाळी धरून ऐकत होता. तिच्या तोंडून वाक्य निघायच्या आत त्याच्या ओठांवर येत होतं. त्याचंच भाषण. शब्दन् शब्द त्याचा. फक्त ऐकणारे निवृत्त बँकवाले आणि त्यांच्या मडमा नव्हत्या. ऐकत होती ती तीन दिवस जेवून, नाचून, पोहून पुन्हा रणगाड्यात जाऊन बसणारी पोरं. पुढच्या वाळूत लढाई उभी आणि इथं सुट्टीची बोट! त्याच्या डोक्यात ते शिरेचना. लढाईला रजा असते? मरणाच्या आधी दोन पाळ्यांत जेवण असतं?

"अवो," मागून सादिया म्हणाली. "काय सांगतेय ती? आपली पाळी कवा?"

सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. फरहानाबूनं, गटातल्या सगळ्यांत वयस्क बाईनं, बोटीत बरं दिसावं म्हणून लग्नातली ओढणी घातली होती.

कुंपणाच्या आतून पांढऱ्या कोटातला एक गोव्याचा वेटर सिगरेट ओढायला आला. जमालुद्दीननं त्याची उभं राहायची ढब ओळखली, त्यानंही याची ओळखली असावी. मिंगेल त्याचं नाव. दोघांची चार वाक्यं झाली.

"रजेची बोट ही, पात्रांव. भाड्यानं घेतलीय सोजिरांसाठी. इथनं कुठं जायची नाही. तुमच्या सरकारची? कोण म्हणालं तुला?" मग त्यानं जरा जवळ येऊन आवाज उतरवला. "ऐक, आमच्याकडं जेवणघर सांभाळायला माणूस नाही. तुझ्यासारखा मिळाला तर आमचा पर्सरसाहेब आत्ता नोकरीवर घेईल. पण एकटा हां. बायका-पोरं नाही."

सादियानं हे ऐकलं. तिचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. ती गाठोड्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "जावा. तुमची बोट आलीय."

कानफटात बसावी तसा तो हलला. खोटं कशाला सांगा, श्वासभर त्याचं मन त्या निळ्या छताखाली जाऊन आलं होतं, आणि ते तिनं पाहिलं होतं.

तो वळला. "बोट आपली नाय," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी चुकलो." एवढंच. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता काय? बस गेलेली. मागं खफजी, पुढं कुंपण. जमालुद्दीन उकिडवा बसला, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. समोर मालाच्या फाटकाशी लॉऱ्यांची रांग होती. कोबी, टोमॅटो, अंड्यांची खोकी. इतकी वर्षं त्यानं बोटीचं नुसतं वरचंच दार पाहिलं नव्हतं, तळाचंही पाहिलं होतं. वरच्या दारानं माणसं जातात, खालच्या दारानं त्यांचं जेवण. आणि जेवण घेऊन आलेली लॉरी परत रिकामी जाते.

तो उठून एकेका ड्रायव्हरला विचारत सुटला. तिसऱ्या लॉरीवर गुल नवाज नावाचा पठाण स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. खमीस मुशैतहून कोबी घेऊन आलेला. हमाल लढाईच्या भीतीनं पळाले, माल उतरवायला कोणी नाही, काल सकाळपासून अडकलाय.

"हम उतारेगा," जमालुद्दीन म्हणाला. "तुम वापस हमारा औरत लोग को ले जायेगा?"

पठाणानं त्याच्या मागच्या वरातीकडं पाहिलं. "ये लोग उतारेगा?"

"यही लोग."

आणि मग ज्यांनी दोन दिवस काटाचमचा धरायची तालीम केली होती त्यांनी सोजिरांच्या सॅलडचा कोबी उतरवला. फरहानाबूनं लग्नातली ओढणी कमरेला खोचली. म्हातारे, पोरी, सगळी हातोहात खोकी पुढं सरकवत होती आणि वरच्या मजल्यावरून बँडचा आवाज येत होता. लॉरी रिकामी झाली तेव्हा सूर्य कलला होता. पठाणानं मागं ताडपत्री अंथरली, आणि सादियाला पुढं आपल्या शेजारी बसवायला तो स्वतः खाली उतरला.

जमालुद्दीननं मागच्या फळीवर पाय ठेवला.

"आणि दुसरी पाळी?" केबिनमधून सादियाचा आवाज आला.

त्याचा पाय तिथंच राहिला. बंदराच्या दाराशी टेलिफोन होता. त्यानं धावत जाऊन खफजीचा नंबर फिरवला, पुन्हा फिरवला. नुसती घरघर. बसवाला इथून गेला तो बोट मिळाली असं समजूनच गेला. आज रात्रीचा मुक्काम करून तो उद्या त्यांना इथं आणून टाकील, या कुंपणाशी. आणणार असला तर. मुदत तर आजच संपलेली.

तो केबिनच्या दाराशी आला. "त्यांना कळंल, सादिया. गुणाजी काय खुळा नाय. बस नाय आली तर निघतील."

"नाय निघायचे." सादियाचा श्वास तोकडा पडत होता, पण शब्द ठाम होते. "तुमी सांगितलाव, पाळी सोडून हलायचं नाय. ती माणसं तुमचा शब्द धरून बसलीत. मी बसले तशी."

"आणि तुझी ही अवस्था? मागल्या खेपेला मी नव्हतो..."

"मागल्या खेपेला तुमी जवळ असता तर तुमी काय केलं असतं? टेबल मांडलं असतं?" ती रागानं बोलली, आणि मग तिचा हात खिडकीतून बाहेर आला, त्याच्या कोटाचं वरचं बटण उघडून गेला. "फरहानाबू हाय माझ्याबरोबर. तिकडं डाक्टरीणबाय हाय. तुमी त्यांना उठवा तिथनं. नाय उठवलंव तर माझ्या दारात येऊ नका."

लॉरी दक्षिणेला गेली. जमालुद्दीन उत्तरेच्या रस्त्यावर उभा राहिला. फौजेच्या गाड्या थांबायला तयार नव्हत्या. अखेर पाण्याच्या एका टँकरवाल्यानं त्याला घेतलं. वाटेत पहाटेच्या आधी आभाळ गरजायला लागलं. ढग नव्हते. टँकरवाल्यानं रेडिओ लावला, ऐकला, बंद केला आणि पेडल दाबलं. लढाई सुरू झाली होती.

खफजीत शिरताना उजाडत होतं. दुकानांची दारं उघडी टाकून माणसं पळाली होती, एका ठेल्यावर चहा उकळून उकळून करपला होता. कँपाच्या फाटकापाशी कंपनीची बस आडवी उभी, ड्रायव्हरचा पत्ता नाही. जमालुद्दीन धावत मेसमध्ये घुसला.

आत दुसरी पाळी बसली होती. टेबलांवर चादरी, प्रत्येकाच्या पायाशी गाठोडं. दाढ्या केलेल्या. दोघांनी तर टाय बांधलेले. मध्यभागी गुणाजी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आला कप्तान!" गुणाजी उठला. "मी म्हणत होतो की नाय? आभाळ फुटलं तरी आमी जागा सोडली नाय, जमालभाय. कोण निघत होतं त्याला मीच बसवलं."

"उठा," जमालुद्दीनला धाप लागली होती. "बोट नाय. सोजिरांची हाय ती. उठा, उठा!"

गुणाजी हसला. "परीक्षा घेतंस काय रे? पाळी सोडतो काय बघायला?"

कुणी उठेना. जमालुद्दीनला आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती. त्यानं जवळच्या टेबलाची चादर धरली आणि हिसडा मारून ओढली. थाळ्या, पेले, काटे, चमचे फरशीवर कोसळले. ज्यानं वीस वर्षांत बशीला बशी लागू दिली नाही त्यानं दुसऱ्या टेबलाचीही चादर ओढली. "गुणाजी, तुझ्या आईची शपथ, बोट नाय! मी खोटा पडलो. आता तरी ऐक!"

गुणाजीच्या तोंडावरचं हसू उतरलं. त्यानं फुटलेल्या बशीकडं पाहिलं, मग जमालुद्दीनकडं. "चला रे," तो हळू म्हणाला, आणि मग ओरडला, "चला! गाठोडी टाका!"

ते फाटकापाशी पोचले असतील नसतील, तोच पहिला गोळा पडला. लांब, तेलाच्या टाकीवर. काळ्या धुराचा गोंडा उठला. दुसरा जवळ. तिसऱ्यानं जमीन अशी उचलली की सगळे पालथे. कानात शिटी वाजत राहिली. जमालुद्दीननं मान वळवली तर मेसच्या छपरातून आभाळ दिसत होतं. आतल्या चादरी जळत होत्या.

बसची चावी तिथंच लटकत होती. गुणाजीनं स्टिअरिंग धरलं. मग मागच्या बाकावर टायवाला एक गडी लहान पोरासारखा रडायला लागला आणि गुणाजी समोर बघत म्हणाला, "मीच बसवला त्यांना जमालभाय. दार धरून बसवला."

"मी सांगितलं म्हणून," जमालुद्दीन म्हणाला.

तपासणीची नाकी, अडवलेले रस्ते, पेट्रोलच्या रांगा. खमीस मुशैतच्या थंड डोंगरात ती बस पोचली तेव्हा सगळ्यांच्या दाढ्या पुन्हा वाढल्या होत्या. लढाईपासून इतक्या लांब आलो असं म्हणेपर्यंत डोक्यावरून विमानं गेली, एकामागून एक, उत्तरेकडं. इथल्याच तळावरून उठत होती. हॉस्पिटलच्या काचा थरथरत राहिल्या. जमालुद्दीन जिन्यावरच थबकला. ज्याच्यापासून पळत आलो ते इथूनच निघतंय!

वरच्या दाराशी कौमुदीताई उभ्या होत्या. डोळे तारवटलेले, चेहरा कोरा. जमालुद्दीननं त्या चेहऱ्यावर काही वाचायचा प्रयत्न केला आणि त्याला काही वाचता आलं नाही.

"डाक्टरीणबाय..."

"लॉरीतून थेट ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागलं तिला," त्या म्हणाल्या. "झटके सुरू झाले होते. तो पठाण तिला हातांवर उचलून धावत आला. आणखी एक दिवस गेला असता ना, जमालभाई, तर..." "आत जा. फार बोलायला लावू नका."

सादिया पांढरीफटक पडून होती. हाताला नळी, ओठ सुकलेले, कुशीत एक गुंडाळलेलं गाठोडं. तिनं त्याला पाहिलं, पण गाठोड्यावरचा हात काढला नाही.

"गुणाजीभाऊ?"

"खाली उभा हाय."

"बाकीचे?"

"बसमधनं उतरतायत. सगळे."

"सगळे? नीट सांगा."

जमालुद्दीननं नीट सांगितलं. एकेकाचं नाव घेतलं, एकही न गाळता. मेसचं छप्पर सांगितलं, ओढलेल्या चादरी सांगितल्या, त्यांना तिथं आपणच कसं बसवलं होतं तेही सांगितलं. त्यात काही भर घातली नाही. शेवटचं नाव झालं तशी सादियानं डोळे मिटले. मग बोटानं कापडाची कड बाजूला केली. आत तांबडाबुंद चेहरा, मूठभर काळे केस, आणि विमानाच्या आवाजानं आवळलेल्या इवल्या मुठी.

"मुलगी हाय," ती म्हणाली. "हात धुऊन या, मग घ्या."